पट्ट्याची घडी

आमच्या गावी काकांची पिठाची गिरणी होती. डिझेल इंजिनापासून जात्यापर्यंत गेलेला कॅनव्हासचा रुंद पट्टा ही त्या अंधाऱ्या खोलीतील मला सर्वांत जिवंत वाटणारी वस्तू. पट्टा घसरू लागला की काका त्याला राळ चोळत. रात्री गिरणी थांबली की तो उतरवून, घडी करून खुंटीला अडकवत. वस्तूची निगा म्हणजे तिला काहीतरी लावणे आणि काम संपताच तिची घडी करून ठेवणे, ही माझी समजूत तेथे तयार झाली. पुढे नोकरी लागल्यावर मोटरसायकल घेतली, आणि दर रविवारी तिच्या चेनला तेल घालताना ती समजूत अधिकच पक्की होत गेली.

२०२१ साली साताऱ्यात विजेवर चालणारी मोटरसायकल घेतली तेव्हा पहिल्या रविवारी मी तेलाची बुधली घेऊन तिच्यापाशी बसलो, आणि मग ध्यानात आले की हिला चेनच नाही. मोटरची शक्ती मागच्या चाकाकडे नेतो तो एक काळा, दातेरी पट्टा. सपाट पट्टा घर्षणावर चालतो म्हणून त्याला राळ लागते; हा पट्टा आपल्या दातांनी चक्राचे दाते धरून चालतो, म्हणून त्याला काहीच लावायचे नसते. तेल तर मुळीच नाही. मी बुधली परत फडताळात ठेवली. त्या रविवारी मला चमत्कारिक रिकामपण जाणवले, हे कबूल केले पाहिजे.

मोटरसायकलीला पट्टा असणे तसे नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक गाड्या चामडी पट्ट्यांवर चालत. पावसात ते घसरत, आणि पुढे चेनने त्यांना हटवले. १९८० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने ‘स्टर्जिस’ या गाडीला दातेरी पट्टा दिला आणि पट्टा पुन्हा रस्त्यावर आला. अशा पट्ट्याचे बळ वरच्या रबरात नसते, पोटातल्या ॲरामिडच्या किंवा कार्बनच्या धाग्यांत असते. केवलार हे ॲरामिडचे सर्वांत परिचित रूप. १९६५ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या हाती एक पातळ, गढूळ द्रावण आले. यंत्राची छिद्रे बुजतील या भीतीने त्याचे धागे काढायला यंत्र चालवणारा सहकारी तयार नव्हता. क्वोलेक यांनी आग्रह धरला, आणि त्यातून वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट असा धागा निघाला.

मात्र हे बळ एकाच दिशेचे आहे. हा धागा ओढ सोसतो, मुडप सोसत नाही. म्हणून पट्टा हाताळताना तो तीव्र कोनात वाकवू नये, उलटा करू नये, पिळू नये, बांधू नये, खिळ्याला टांगू नये. बसवताना पेचकस घालून चक्रावर चढवू नये. एरवीची निगा म्हणजे पाहणे. दातांच्या मुळाशी चीर आहे का, कडा विसविशीत झाल्या आहेत का, दातांत खडी अडकली आहे का, हे बघायचे. पट्टा थंड असताना त्याच्यावर ठरलेला दाब देऊन तो किती मिलिमीटर हलतो हे मोजायचे. हार्लेच्या गाड्यांसाठी हा दाब १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो असतो.

यातले पुष्कळसे मला नंतर कळले. २०२३ च्या पावसाळ्यात खडी अडकून पट्ट्याला भोक पडले. नवा पट्टा पुण्यात मिळाला. त्याचे खोके मोठे होते आणि एसटीला गर्दी. मी खोके दुकानातच टाकले, पट्ट्याची तिहेरी घडी केली, सुतळीने बांधली आणि खांद्यावरच्या पिशवीत घातली. काकांचा पट्टा वर्षानुवर्षे असाच तर राहत असे.

साताऱ्याच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने पट्टा हातात घेऊन विचारले, “सर, आणताना दुमडला नव्हता ना?”

“पिशवीतून आणलाय,” मी म्हणालो.

वर्गात आनंदवर्धनाचा ध्वनिविचार शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य काय करते आहे ते त्याच क्षणी कळले होते. वाच्यार्थ खरा होता, ध्वन्यर्थ खोटा. दुसरा पट्टा मागवायचा तर पैसे आणि आठवडा जाणार होता. आणि पट्ट्यावर सुरकुतीसुद्धा दिसत नव्हती.

दोन महिन्यांनी यवतेश्वरचा घाट चढताना तो तुटला. मागे मुलगी बसली होती. मोटर नुसतीच फिरू लागली आणि गाडी उतारावर मागे सरकली. मागून येणाऱ्या जीपवाल्याने वेळीच ब्रेक लावला. कोणालाही काही झाले नाही. मुलगी खाली उतरून कठड्यापाशी उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मेकॅनिकने तुटलेली टोके उजेडात धरली. खडीची खूण नव्हती, कडा झिजलेल्या नव्हत्या. पट्टा सरळ आडवा तुटला होता. “हा मुडपलेला होता,” तो म्हणाला. मग गॅरेजमधल्या पोराकडे वळून त्याने विचारले, “बसवताना पेचकस लावला होतास?” पोराने मान हलवली. मेकॅनिकला ते पटलेले दिसले नाही. “सर, चूक आमचीच असणार. मजुरी देऊ नका,” तो मला म्हणाला.

मी सुतळीपासून सगळे सांगितले.

तो रागावेल असे वाटले होते. हात पुसत तो एवढेच म्हणाला, “तेव्हा सांगितलं असतं सर, तर मी तो बसवलाच नसता.”

नंतर आणलेला पट्टा स्वारगेट ते सातारा खोक्यासकट माझ्या मांडीवर होता. कंडक्टरने दोनदा वर फळीवर ठेवायला सांगितले. मी ठेवला नाही. गॅरेजमध्ये त्याच पोराने खोके उघडले आणि माझ्याकडे न बघता विचारले, “दुमडला नव्हता ना, सर?”

“नाही. खोक्यातून तूच पहिल्यांदा काढतो आहेस,” मी म्हणालो.

त्याने दोन्ही हातांनी पट्टा अलगद उचलला.