अक्काचं देणं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब आणि संगणक दोन्ही बघतो. परदेशी गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी रात्री ईमेलने येतात. त्यांना पोच देऊन माल तक्त्यात चढवणारी पायथनची स्क्रिप्ट मी लिहिली होती. चालायची झकास, पण माझ्या लॅपटॉपवर सर्व्हरची खिडकी उघडी असेपर्यंतच. ती मिटली की लिनक्स ‘हँगअप’चा संकेत धाडतं आणि स्क्रिप्ट मरते, टर्मिनलं टेलिफोनच्या तारेवर चालायची तेव्हापासूनचा हा रिवाज. ‘नोहप’ लावून तेवढं टळतं. पण रात्री दोनला दुसऱ्याच कारणाने मेली, तर उठवणार कोण?

अक्का कॉलेजात आमच्या पुढे होती, आता पुण्यात सर्व्हर सांभाळते. मूळची सोलापूरच्याच पूर्व भागातली, वडील पॉवरलूमवर जॉबर. एका रविवारी तिने फोनवरूनच माझ्याकडून ‘सुपरवायझर’ बसवून घेतला. क्रिस मॅकडोनोचं हे सॉफ्टवेअर २००४पासूनचं, आणि फुकट. पाच-सहा ओळींची फाइल: कोणती कमांड, कोणत्या युजरच्या नावाने, मशीन सुरू होताच चालवायची का, मेली तर उठवायची का, लॉग कुठे. मला एवढंच हवं होतं. फोन ठेवायच्या बेतात होतो.

“थांब रे. स्क्रिप्ट सुरू झाल्यापासून पहिली ऑर्डर उघडायला किती वेळ लागतो?”

“चार-पाच सेकंद.”

“मग एखादी बिघडलेली पीडीएफ आली की पोच जाणार, स्क्रिप्ट मरणार, हा उठवणार, पुन्हा तीच पीडीएफ, पुन्हा पोच. सकाळपर्यंत गिऱ्हाइकाला पोचच पोच.”

सांगितलं नाही, तर एक सेकंद टिकलेल्या स्क्रिप्टला सुपरवायझर ‘चालू’ धरतो. त्याआधीच मेली तर आणखी तीनदा उठवून बघतो, मग ‘फेटल’ लिहून नाद सोडतो. पण पाचव्या सेकंदाला मरणारी त्याच्या लेखी दरवेळी नीट चालू झालेलीच, म्हणून तो तिला उठवतच राहणार. अक्काने तो एका सेकंदाचा आकडा तीसवर न्यायला लावला. मग चार-पाच पोचांनंतर तो नाद सोडतो, आणि तेवढ्यांची माफी मागता येते.

“धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो की नाही? नाही थांबला तर बाण्याशिवायचं कापड निघेल. आमचे अप्पा थांबलेल्या मागाला कधी शिव्या देत नाहीत, न थांबणाऱ्याला देतात.”

एक सेकंद आणि तीनदा, हे दोन्ही आकडे सुपरवायझरच्या माहितीपत्रकात छापलेले आहेत. मी ते वाचलंही होतं, पण मला तिथे फक्त आकडे दिसले होते. हेच काम सिस्टमडी करतं, कुणी पीएम२ वापरतं. वाद घालावा असं त्यात काही नाही. अक्काचा प्रश्न मात्र तिघांनाही लागू पडतो, आणि नवी स्क्रिप्ट लावताना मी तो आधी स्वतःला विचारतो.

पैशांचा विषय काढला तर अक्का भडकली. शेंगाचटणी पाठव म्हणाली, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. पुण्यात मिळते ती म्हणे नुसता दाण्याचा कूट.