मुका हॉर्न आणि जुन्या गाडीचा पुरावा

(१) जुन्या स्पोर्ट्स गाडीचा हॉर्न मुका झाला की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो नवा बसवण्याचा. नवा हॉर्न स्वस्त असतो, काम तासाभरात उरकते. त्या तासात सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा एक पुरावा मात्र भंगारात जातो. आणि पुष्कळदा तो निर्दोष असतो. #थ्रेड

(२) एमजी टीसी हे या परंपरेतले प्रसिद्ध नाव. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात अशा १०,००० गाड्या तयार झाल्या. तिचा ल्युकस बनावटीचा हॉर्न दर्शनी भागातच, म्हणजे धूळ व पाऊस झेलत बसवलेला असे.

(३) या हॉर्नची पूर्वपीठिका रंजक आहे. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर रीझ हचिसन यांचा क्लॅक्सन आला. त्यात दातेरी चाक धातूच्या पडद्याला घासून आवाज काढी. पुढे चाक गेले, पडदा राहिला. चाकाची जागा विद्युतचुंबकाने घेतली.

(४) बटण दाबले की कुंडलीतून प्रवाह वाहतो आणि पडदा ओढला जातो. ओढला जाताच आतले पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतात. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज.

(५) म्हणून जाणता मिस्त्री आधी कान देतो. एकदाच 'टक्' झाले, तर प्रवाह पोहोचतो आहे, पण पॉइंट उघडत नाहीत. घोगरा, क्षीण स्वर आला, तर वाटेत कोठे तरी रोध आहे किंवा बॅटरी थकली आहे. पूर्ण शांतता असेल, तर फ्यूज, तार, बटण आणि अर्थिंग हे चार संशयित.

(६) आता तुळिंज. रुळांच्या पश्चिमेस प्राचीन शूर्पारक, म्हणजे सोपारा. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. पूर्वेस तुळिंजच्या दाट वस्तीत दुरुस्तीचे गाळे. हवा दोन्हीकडे एकच: दमट, खारट. तिच्यामुळे अर्थिंगच्या बोल्टाखाली गंजाचा पापुद्रा धरतो आणि डोळ्यांना चांगली दिसणारी जोडणी प्रवाह अडवते.

(७) निदानाचा क्रम सोपा आहे. हॉर्न गाडीच्या तारांपासून सोडवून, फ्यूज घातलेल्या दोन तारांनी थेट बॅटरीला जोडावा. वाजला, तर तो निर्दोष. मग पुन्हा जागी जोडून टेस्ट लॅम्पने त्याच्यापर्यंत वीज येते का पाहावे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बटण अर्थिंगच्या बाजूला असते. तशी जोडणी असेल, तर हॉर्नकडून बटणाकडे जाणारी तार क्षणभर सांगाड्याला टेकवावी. वाजला, तर दोष बटणात किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये.

(८) एक सावधगिरी. टीसीसारख्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. साध्या कुंडलीच्या हॉर्नला धन-ऋणाचे सोयरसुतक नसते. नव्या इलेक्ट्रॉनिक हॉर्नला असते. 'सुधारणा' म्हणून तो बसवणारा येथेच फसतो. पॉइंटचा स्क्रूही अगदी शेवटी, आणि किंचितच फिरवावा.

(९) प्रश्न केवळ हौसेचा नाही. चालू हॉर्न ही कायद्याची अट आहे, पादचाऱ्याचे संरक्षणही. दुसरीकडे, २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतील व्हिंटेज क्रमांक हवा असेल, तर ती मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते. वाजणारा आणि मूळचाच, असा हॉर्न दोन्ही बाजू सांभाळतो.

(१०) बहुतेक वेळा लागतो तो पॉलिश पेपरचा तुकडा आणि थोडा धीर. बोल्ट घासून लख्ख करावा, पुन्हा घट्ट आवळावा, वर ग्रीसचा हात फिरवावा. कोणता बोल्ट, कोणत्या तारखेला, हे गाडीच्या वहीत लिहून ठेवावे. पुढच्या पिढीतील मिस्त्रीला तोच पहिला दस्तऐवज.