हिंगाची डबी

तिरुवय्यारजवळच्या त्या गावात भाताची शेतं घराच्या परसापर्यंत येतात. कावेरीच्या या मुलखात व्यंकोजीराजांच्या काळापासून मराठी घरं आहेत. बोली मराठी, पण जेवण तिन्ही त्रिकाळ तांदळाचं. म्हणूनच दिल्लीहून सून नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आली, तेव्हा आजींना वाटलं, आता पोर सुधारेल.

"आई, हिला गहू, रवा, मैदा, जव यांतलं काहीच चालणार नाही. जन्मभर," सुनेनं सांगितलं. रक्ताच्या आणि आतड्याच्या तपासणीत सिलिअॅक रोग ठरला होता. गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. खाल्लेलं अंगी लागत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा रोग उत्तर भारतात हजारी आठांहून अधिक, तर दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एकाला आढळला होता. गावात कुणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

"एवढंच ना? इथं कोण खातंय गहू!" आजी म्हणाल्या.

पण दोन महिने उलटले तरी पोरीचं पोट फुगायचं थांबेना. मग एका नातलगानं शहरातल्या यंत्राची बातमी आणली. हातात धातूच्या दोन कांड्या धरायच्या. यंत्र गव्हाची 'कंपनं' ओळखून उलटी करतं. दहा बैठकांत मुलगी पुरणपोळी खाईल! आजींना तेच तर सलत होतं.

"सुई नाही, औषध नाही. करून बघायला काय जातं?"

सुनेनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "अशा यंत्रांनी हा रोग बरा होतो, याला पुरावा नाही. कांड्या धरून बिघडणार नाही. त्या भरवशावर खाल्लेली पोळी बिघडवेल. कधी पोट दुखत नाही, पण आतडं आतून झिजत राहतं. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला डबा न् डबा वाचा."

त्या संध्याकाळी सुनेनं हिंगाची डबी उजेडात धरली. हिंग, डिंक आणि गव्हाचं पीठ! सांबारात, रसममध्ये रोज पडत होतं ते. शक्तीसाठी दुधात घातली जाणारी पूडही जवाच्या माल्टची निघाली.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. "म्हणजे माझ्याच हातानं..." एवढंच त्या पुटपुटल्या. मग उठून त्यांनी दोन्ही डबे स्वतः बाहेर ठेवले. यंत्राचा विषय तिथंच संपला.

सहा महिन्यांनी रक्ताचा अहवाल पुष्कळ सुधारला. होळीला आजींनी पुरण शिजवलं आणि तांदळाच्या उकडीत भरलं. नातीनं चार खाल्ले आणि पाचव्यासाठी हात पुढे केला.