रुमालाखालचा हात

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात घोडेगाव, काष्टी, लोणी येथील जनावरांचे बाजार नामांकित आहेत. बाजाराचा दिवस उजाडला की धुळीचे लोट उठतात, बैलांच्या गळ्यांतील घुंगुरमाळा वाजू लागतात, आणि शेतकरी आपल्या जनावराचे दावे धरून गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा राहतो. अशा बाजारांत सौदा ठरविण्याची एक जुनी रीत होती, अजूनही ती क्वचित दिसते. दलाल आणि घेणारा हे दोघे उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात घालीत आणि एकमेकांची बोटे दाबून भाव सांगत. एका बोटाचा अर्थ शंभर की हजार, हे त्या दोघांनाच ठाऊक. ज्याचे जनावर, तो शेतकरी हातभर अंतरावर उभा असे. पण त्याला दिसे तो केवळ हलणारा रुमाल!

धान्याच्या पेठांतही हीच रीत चाले. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली. पुढे मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली शेतमालाच्या बाजारांसाठी कायदे झाले, आणि बाजार समित्यांच्या आवारांत चारचौघांसमक्ष उघड लिलाव होऊ लागले. भाव कमी मिळो वा अधिक, तो मोठ्याने पुकारला जावा, एवढेच शेतकऱ्याचे मागणे होते. मागणे किती साधे, आणि ते मान्य व्हावयास किती वर्षे लागली!

बाजारात आणखी एक पात्र आढळते. ते म्हणजे पेरलेला माणूस. तो गिऱ्हाइकासारखा येतो, बैलाचे दात पाहतो, पाठीवर थाप मारतो आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला म्हणतो, “पाव्हणं, असा बैल पंचक्रोशीत मिळायचा नाही.” वस्तुतः तो विकणाऱ्याचाच माणूस असतो. विकणाऱ्याने आपल्या मालाची स्तुती करावी, यात वावगे काहीच नाही. बोरे विकणारी बाई “साखरेसारखी गोड” म्हणून ओरडते, तेव्हा ऐकणारा मनातल्या मनात थोडी वजाबाकी करतो. विकणारीच ती, चार शब्द अधिक बोलणारच! पेरलेला माणूस नेमकी ही वजाबाकी करू देत नाही. शेजाऱ्याच्या तोंडून विकणारा बोलू लागला, की ऐकणाऱ्याचे कान सावध राहत नाहीत.

हल्ली बाजार घराघरांत, मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. संगमनेर किंवा राहाता तालुक्यातील एखाद्या डाळिंब उत्पादकाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या बागेवर तेल्या रोग पडला आहे. फळांवर काळे डाग उमटतात, फळ तडकते, आणि वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत मातीत जाते. एका फवारणीने जाणारा हा रोग नव्हे. रात्री तो शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपले दुःख लिहितो. थोड्याच वेळात कोणीतरी उत्तरते, “दादा, आमच्याही बागेत तेल्या होता. या औषधाने आठ दिवसांत गेला.” दुसरा लिहितो, “मलाही गुण आला.” मग तो शेतकरी उसनेपासने करून औषध आणतो. त्याला कोठून ठाऊक असणार, की लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाचीही बाग नाही, आणि कदाचित ते दोघे एकच आहेत!

हे असे घडते. काही कंपन्या स्वतः पुढे न येता जाहिरातीचे काम करणाऱ्या मंडळींना पैसे देतात. ती मंडळी निरनिराळ्या नावांनी लोकांच्या ग्रुपमध्ये शिरतात, काही दिवस पाऊसपाण्याच्या गप्पा करतात, सुखदुःख विचारतात, आणि ओळख पुरेशी मुरली की वस्तूचे नाव हळूच सोडतात. कधी प्रश्नही त्यांचाच आणि उत्तरही त्यांचेच. रुमाल तोच आहे, केवळ कापड बदलले आहे.

यावर कोणी म्हणेल, औषध खरोखरच गुणकारी असले तर बिघडले कोठे? बिघडते ते पुढल्या वेळी. फसवणूक उघड झाली की त्या ग्रुपमधील प्रत्येक शब्दावर संशयाची सावली पडते. पारनेर-पाथर्डीसारख्या कोरडवाहू भागात पाऊस लांबला असता कोणते बियाणे टिकले, हे अनुभवी शेजाऱ्याने सांगावे आणि दुसऱ्याने तत्काळ विश्वास ठेवावा, याची किंमत पैशांत होत नाही. हंगाम एकदा गेला की गेला. याच जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे न बसविण्याच्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. शेजाऱ्याचा शब्द हेही तसेच बिनदाराचे घर आहे. त्यात चोर शिरला, तर कुलूप मोडल्याची खूणदेखील मागे राहत नाही.

कायदाही आता जागा झाला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोबदला घेऊन स्तुती करणाऱ्याने तो संबंध उघड सांगावा, असे २०२२ च्या मार्गदर्शक सूचना बजावतात. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक ठरविले. विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात म्हटले आहे. मात्र ते पाळणे ऐच्छिक आहे. शिवाय लहानशा ग्रुपमध्ये रात्री दहा वाजता कोण काय लिहितो, हे पाहावयास सरकारी अधिकारी कोठून येणार? तेथे जागे असतात ते घरचेच लोक.

आणि पुष्कळ घरांत आजोबांना मोबाइलवरील मजकूर वाचून दाखविण्याचे काम नातवाकडे किंवा नातीकडे असते. अशी एखादी चौकस नात वाचता वाचता मध्येच थांबते, आणि आजोबांना विचारून ग्रुपवर नम्रपणे लिहिते, “काका, आपली बाग कोणत्या गावच्या शिवारात आहे? आजोबा म्हणतात, येऊन पाहू का?” ज्याची बाग खरी असते, तो लगेच गावाचे नाव कळवितो, वाट कोठून वळते तेही सांगतो, आणि वर “जेवायलाच या” असा आग्रह करतो. पेरलेल्या माणसाकडून मात्र त्या रात्री काही उत्तर येत नाही.