ताईला इंग्लंडहून : खाण्याच्या क्रियापदांविषयी

लंडन, मंगळवार

ताई,

निघताना तू बजावलं होतंस की इथल्या माणसांच्या तोंडचं इंग्रजी लिहून पाठव, वर्गात सांगायला उपयोगी पडेल. खाण्यापासूनच सुरुवात करते.

आज गॉफ स्क्वेअरमधलं सॅम्युएल जॉन्सनचं घर पाहिलं. १७ नंबरचं, विटांचं, जिने चढत जायचं घर. वरच्या माळ्यावर तो आणि त्याचे मदतनीस इंग्रजी शब्दकोशासाठी राबत. कोश १७५५ मध्ये निघाला. ‘गॉबल’ म्हणजे घाईघाईने, गलका करत गिळणं, असा अर्थ त्याने त्यात दिलाय. तो स्वतः जेवायचा कसा, हे त्याचा चरित्रकार बॉस्वेलने लिहून ठेवलंय. पानावर बसला की पोट भरेपर्यंत बोलणं बंद, ऐकणंही बंद. कपाळाच्या शिरा फुगायच्या, घाम फुटायचा. वाचणाऱ्याला तो खादाड वाटतो. पण पैशाअभावी ऑक्सफर्ड सोडावं लागलेला हा माणूस. १७३८ च्या सुमारास एका प्रकाशकाला लिहिलेल्या पत्राखाली सही करताना त्याने लॅटिनमध्ये ‘न जेवलेला’ असा शब्द घातला होता. उपास काढलेल्या माणसाच्या घासाला अधाशी म्हणणं मला पटत नाही.

आपण मात्र वर्गात वुल्फ, गॉबल, स्कॉफ, गॉर्ज, डिव्हावर या सगळ्यांपुढे ‘अधाशासारखे खाणे’ एवढंच लिहून देतो. मुलं पाठ करतात आणि चुकीच्या ठिकाणी वापरतात.

यॉर्क, शुक्रवार

ताई, गाडीत समोर दोन कॉलेजच्या मुली होत्या. एकीने सँडविच कधी संपवलं ते मला कळलंही नाही. मैत्रिणीकडे बघून ती म्हणाली, ‘आय वुल्फ्ट इट डाउन, आय वॉज स्टार्व्हिंग.’ स्वरात लाज नव्हती. भूक लागली होती, वेळ नव्हता, बकाबका खाल्लं, इतकंच. ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा. इंग्लंडातले लांडगे पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संपले होते म्हणतात. त्यांच्यावरून झालेलं हे क्रियापद मात्र एकोणिसाव्या शतकात रूढ झालं. मुलांना सांग, वुल्फनंतर ‘डाउन’ बहुतेकदा येतं, आणि त्यात भर वेगावर आहे, किती खाल्लं यावर नाही.

स्कॉफचं तसं नाही. मी उतरलेय त्या घरी सकाळी बिस्किटांचा डबा रिकामा निघाला. घरच्या बाईंनी जिन्याखालून हाक दिली, ‘हू’ज स्कॉफ्ट ऑल द बिस्किट्स?’ यात तक्रार आहे, पण घरातली, मायेची. आपण ‘कुणी गट्टम केली?’ विचारतो तशी. हा शब्द ब्रिटिश बोलीतला आहे. अमेरिकेत याच अर्थाने ‘स्कार्फ’ अधिक ऐकू येतं. आणि स्कॉफनंतर ‘ॲट’ आलं की अर्थ होतो कुचेष्टा करणं, तेव्हा ही जोडी मुलांना एकत्रच शिकव.

बाईंनी ताटं मांडली आणि म्हणाल्या, ‘टक इन!’ कुणी याला अधाशीपणात घालेल, पण हे यजमानाचं आर्जव आहे: बसा, संकोच नको, पोटभर खा. शाळांमधलं ‘टक शॉप’ याच कुळातलं. मी ताट स्वच्छ केल्यावर त्या ‘यू पॉलिश्ट दॅट ऑफ’ म्हणाल्या, तेव्हा चेहरा फुलला होता. चाटूनपुसून खाल्लेलं पाहिलं की रांधणाऱ्याला कुठेही बरंच वाटतं.

व्हिटबी, रविवार

इथे बंदरावर फिश अँड चिप्स हातात घेऊन उभं राहायचं म्हणजे समुद्रपक्ष्यांवर डोळा ठेवावा लागतो. त्यांच्या धाकाने एक लहान मुलगा भराभर कोंबत होता, तर आई म्हणाली, ‘डोन्ट बोल्ट इट!’ न चावता गिळू नकोस, पोटात दुखेल. आपल्या आईच्या रागवण्यात असायची तीच काळजी. खरा अधाशीपणा मला दिसतो तो ‘गॉर्ज’मध्ये: भूक संपल्यावरही तडस लागेपर्यंत खाणं. ‘पिग आउट’ही त्याच्याजवळचं, पण ते लोक बहुधा स्वतःबद्दल सांगतात, सुटीतल्या चैनीसारखं. दुसऱ्याच्या तोंडावर डुक्कर म्हटलं तर भांडण होईल, हे मुलांना आवर्जून बजाव.

‘डिव्हावर’ ताटाजवळ फारसं ऐकलं नाही. पुस्तकांच्या दुकानात ऐकलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एक कादंबरी रात्रीत ‘डिव्हावर’ केली होती, आणि दुसरा भाग मागायला आले होते. तसंच ‘गझल’, म्हणजे घटाघटा ढोसणं, मोटारींबद्दल फार येतं, पेट्रोल पिणाऱ्या. ही दोन ताटाबाहेरची वाक्यं आठवीला दे, त्यांना झेपतील; वुल्फ आणि स्कॉफ पाचवीलाच शिकव.

आई-बाबांस नमस्कार.

तुझी धाकटी