उजेडाकडे तोंड करून

आमच्या घरी वडिलांचा एकच फोटो भिंतीवर आहे, आणि तोही एका लग्नातील समूहचित्रातून कापून मोठा केलेला. नजर भलतीकडे, खांद्यावर कोणाचा तरी अर्धा हात. खरे तर १९८६ च्या पाडव्याला, लक्ष्मीपुरीतील दुकानात वहीपूजन चालू असताना, मी स्वतः अण्णांचा फोटो काढला होता. कॅमेरा मित्राकडून मागून आणलेला. अण्णा गादीवर, पाठीमागे उघडे दार आणि रस्त्यावरचे लख्ख ऊन. रोल धुऊन आला तेव्हा रस्ता स्वच्छ दिसत होता. अण्णांच्या जागी नुसती काळी आकृती. त्यांनी पाहिले, हसले आणि परत दिले. पुन्हा काढू म्हणता म्हणता राहून गेले.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. तो सगळ्या चौकटीतील उजेडाची सरासरी धरतो. पाठीमागचे ऊन प्रखर, म्हणून त्याने एकूण उजेड कमी केला आणि चेहरा बुडाला. मी गादीमागे न थांबता दारापाशी जाऊन उभा राहिलो असतो आणि अण्णांना माझ्याकडे वळायला सांगितले असते, तर तेच ऊन त्यांच्या चेहऱ्यावर आले असते. सरासरी कशी फसवते हे बँकेत तीस वर्षे पाहिलेल्या माणसाला एवढे निवृत्तीनंतर उमगावे!

आणि तेही कोल्हापुरात. बाबूराव पेंटर यांनी येथेच स्वतः कॅमेरा बनवला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला आणि १९२३ च्या ‘सिंहगड’साठी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. मूळचे ते चित्रकार; उजेड कोठून येतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

आता आई शहाऐंशी वर्षांची आहे. ती सूर्यास्तापूर्वी जेवते. त्या वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा उजेड तिरपा आणि मऊ असतो. दुपारच्या उन्हासारखा डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडत नाही. मागच्या महिन्यात मी तिचा पाट खिडकीकडे वळवला. पाठीमागचा गॅसचा सिलिंडर हलवला, कारण फोटोत तो नेमका डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. मोबाईलच्या भिंगावर बोटांचा तेलकट थर होता, तो मऊ कापडाने पुसला. फ्लॅश बंद. उभ्याने काढले की वृद्ध माणूस खुजा दिसतो, म्हणून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर जमिनीवरच बसलो. (गुडघ्यांनी तक्रार केली.) झूम न वापरता पुढे सरकलो, कोपर अंगाशी घट्ट धरले आणि पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवले. तसे केले की मोबाईल उजेडाचा हिशोब त्या चेहऱ्यावरून करतो. ‘इकडे बघ’ मात्र म्हणालो नाही. म्हटले की आई पदर सारखा करून पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ होते.

“जेवू द्याल की नाही त्यांना?” सौभाग्यवती म्हणाल्या. आई हसली. तेवढ्यात तीन-चार काढून घेतले.

एक छापून घेतला आणि मागे तारीख लिहिली. आईने तो चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिला.

“ह्यांचा असा एखादा नाही का रे?”

पाडव्याच्या त्या फोटोची निगेटिव्ह अजून कपाटात आहे. कोरा कागद जास्त आणि माणूस कमी अशी अवस्था. तरी या आठवड्यात स्टुडिओत दाखवून येणार आहे.