सूत्रे कोणाच्या हाती?

एके काळी घरातल्या संगीताची सूत्रे डोळ्यांना दिसत असत. रेडिओची खुंटी, ग्रामोफोनची सुई, टेपरेकॉर्डरची कळ ही सारी बोटांच्या ओळखीची साधने होती. दिवे गेलेल्या घरात बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर आजी चाचपडत लावू शकत असे आणि शाळकरी नातूही लावू शकत असे. आज मात्र संगीत वाजवणाऱ्या यंत्रावर पुष्कळदा एकही कळ नसते. स्ट्रीमर नावाची ती लहानशी पेटी कपाटात मुकाट बसून राहते आणि तिला बोलते करण्याचा अधिकार फोनमधल्या एका अ‍ॅपकडे जातो. म्हणून ‘यंत्र कोणते घ्यावे?’ ह्या प्रश्नाइतकाच ‘त्याचे अ‍ॅप कोणते निवडावे?’ हा प्रश्नही महत्त्वाचा झाला आहे. वरवर पाहता हा प्रश्न तरुणांच्या हौसेचा वाटतो. पण तो साऱ्या घराचा आहे, असे मला अनुभवांती वाटू लागले आहे.

माझ्या गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने भावंडांनी मला असा एक स्ट्रीमर भेट दिला. माझ्यापाशी तीनशेच्या वर सीडी होत्या. संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या भाचीने सुट्टीत येऊन त्या सर्व एका डिस्कवर उतरवल्या. एका तासाच्या सीडीला मुळात सुमारे सहाशे मेगाबाइट जागा लागते. २००१ साली आलेल्या ‘फ्लॅक’ पद्धतीने ती जागा जवळपास निम्मी होते आणि ध्वनीचा कणही गळत नाही. अशा रीतीने आयुष्यभराचा संग्रह शर्टाच्या खिशात मावेल एवढा झाला.

आमच्या धर्मगुरूनिवासात एक निवृत्त फादर राहतात. वय एक्क्याऐंशी. तारुण्यात ते उत्तम ऑर्गन वाजवीत. आता दृष्टिपटलाच्या विकारामुळे त्यांना समोरचा चेहराही धूसर दिसतो. जुना सीडी प्लेअर होता तोवर ते आपला आपण लावीत. तबकड्यांच्या डब्यांना त्यांनी वेगवेगळे दोरे बांधून ठेवले होते. नवे यंत्र आले आणि ते दर वेळी म्हणू लागले, “फादर, तुम्हांला वेळ असेल तेव्हा लावा.” पुढे तेही म्हणेनासे झाले. एकदा मी कारण विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “गाणं ऐकायला अर्ज करावा लागतो, असं वाटतं हो.” त्या वाक्यानंतर अ‍ॅपची निवड ही माझ्या आवडीनिवडीची बाब उरली नाही.

ह्या व्यवस्थेचे अंतरंग समजून घेतल्यावाचून निवड करता येत नाही. चर्चच्या गायकवृंदाचे उदाहरण घेऊ. स्वरलिपींचे कपाट एकीकडे असते, ऑर्गनवादक दुसरीकडे, आणि आता कोणते गीत घ्यायचे हे खुणेने सांगणारा प्रमुख तिसरीकडे. घरातही तसेच आहे. गाण्यांची डिस्क हे कपाट, स्ट्रीमर हा वादक आणि फोनमधले अ‍ॅप हा खूण करणारा प्रमुख. ब्लूटूथने गाणे लावले तर ते फोनमधूनच जाते. म्हणून फोन वाजला की संगीत अडते. नियंत्रक अ‍ॅप मात्र केवळ आज्ञा देते; स्ट्रीमर स्वतः डिस्ककडून किंवा इंटरनेटवरून गाणे आणतो.

परंतु येथेच एक मेख आहे. पुढची गाणी कोणती, ती यादी कोणापाशी राहते? ‘यूपीएनपी’ नावाच्या जुन्या व सर्वत्र पसरलेल्या पद्धतीत ती बहुधा फोनमध्ये राहते. मी फोन घेऊन आजाऱ्याच्या भेटीला निघालो, की चालू गाणे संपते आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला शांतता येते. ग्लासगोच्या लिन कंपनीने पुढे आणलेल्या ‘ओपनहोम’ पद्धतीत यादी स्ट्रीमरपाशीच राहते. मग घरातले दोन-तीन फोन तीच यादी पाहू शकतात, बदलू शकतात. माझ्या दृष्टीने ही पहिली कसोटी ठरली: प्रमुख उठून गेला तरी गायन चालू राहिले पाहिजे.

दुसरी कसोटी मांडणीची. ‘गायक, अल्बम, गाणे’ ही तीन खाण्यांची मांडणी चित्रपटगीतांना पुरते. इतर संगीताची तीत कुचंबणा होते. पॅलेस्ट्रिना, बाख आणि मोझार्ट ह्यांच्या मिस्सा एकाच डिस्कवर असल्या आणि अ‍ॅपने केवळ शीर्षकानुसार यादी लावली, की सर्वांचे ‘किरिये’ एकत्र, सर्वांचे ‘क्रेदो’ एकत्र! कोणाचे कोणते, पत्ता लागत नाही. रागसंगीताचे हाल त्याहून अधिक. तेथे राग शोधायचा असतो आणि रागाला खाणेच नसते. शिवाय एकच भीमसेन जोशी आमच्या डिस्कवर चार ठिकाणी अवतरले होते: एकदा नुसते, एकदा ‘पंडित’ लावून, एकदा ‘पं.’ लावून आणि एकदा देवनागरीत. हा दोष अ‍ॅपचा नव्हे, नोंदींचा. आम्ही पावसाळ्यातल्या संध्याकाळी बसून नोंदी सारख्या केल्या आणि प्रत्येक भारतीय कलावंताचे नाव रोमन व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिले. ह्या श्रमाचे चीज पुढे अनपेक्षित रीतीने झाले.

तिसरी कसोटी अखंडतेची. बाखच्या बी मायनर मिस्सात काही भाग एकमेकांत थेट वाहत जातात. सीडीवर मात्र ती रचना वीसहून अधिक तुकड्यांत विभागलेली असते. दोन तुकड्यांच्या सांध्यावर क्षणभर जरी खंड पडला, तरी वाक्याच्या मध्येच कोणी दार आपटावे तसे होते. म्हणून नवे अ‍ॅप तपासताना मी पहिल्याने ‘क्वोनियाम’चा शेवट लावून पाही, पुढचा समूहस्वर विनाखंड उसळला, तरच ते पुढच्या परीक्षेला बसे.

चौथी कसोटी भवितव्याची. मे २०२४ मध्ये सोनोस कंपनीने आपले जुने अ‍ॅप बदलून नवे आणले. यादीत फेरफार करणे, गजर लावणे ह्यांसारख्या नित्याच्या सोयी त्यात आरंभी नव्हत्या आणि पडदावाचकाच्या आधाराने फोन वापरणाऱ्या दृष्टिहीन ग्राहकांनीही तक्रारी केल्या. प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पदावरून गेले. स्पीकर तेच, भिंती त्याच. केवळ अ‍ॅप बदलले आणि घराघरांतला सराव मोडला. ह्याच्या उलट उदाहरण स्क्वीझबॉक्सचे. लॉजिटेक कंपनीने ही यंत्रे २०१२ साली बंद केली, २०२४ साली त्यांची इंटरनेटवरील सेवाही थांबवली. तरी त्यांची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असल्याने हौशी कार्यकर्त्यांनी ती ‘लिरिऑन’ ह्या नव्या नावाने चालू ठेवली आहे आणि ती जुनी यंत्रे आजही गातात. तात्पर्य, ज्या स्ट्रीमरला एकाहून अधिक अ‍ॅप आज्ञा देऊ शकतात, तो एका कंपनीच्या मर्जीवर जगत नाही.

पाचवी कसोटी मात्र मला फादरांनीच शिकवली. आम्ही चार अ‍ॅप निवडली आणि प्रत्येकाला आठ दिवस दिले. पहिले अत्यंत देखणे. संगीतकाराचे चरित्र, वादकांची नावे, एकाच रचनेची निरनिराळी ध्वनिमुद्रणे, सारे त्यात एकत्र गुंफलेले. त्याला वार्षिक वर्गणी आणि सतत चालू राहणारा संगणक लागे. तेही मी सोसले असते. पण फादरांनी फोनचा पडदावाचक सुरू करून त्यावर बोट फिरवले, तेव्हा आवाज आला: “बटण... बटण... बटण...” कोणते बटण, ते सांगण्याची तसदी करणाऱ्याने घेतली नव्हती. दुसऱ्यात अक्षरे मोठी केली की शब्द एकमेकांवर चढत. तिसऱ्याचा शोध केवळ रोमन लिपीत चाले. चौथे रूपाने अगदी सामान्य, रंग फिके, चरित्रे नाहीत. पण त्याचे प्रत्येक बटण आपले नाव सांगे, आणि शोधाच्या चौकटीत देवनागरी अक्षरे टाकली तरी ते आमच्या डिस्कवरचे नेमके गाणे पुढे ठेवी. आम्ही तेच निवडले. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. तुमचे यंत्र निराळे असेल आणि अ‍ॅप तर दर वर्षी रूप पालटतात. कसोट्या तेवढ्या टिकाऊ असतात.

फोनला मराठीत बोलून लिहवण्याची सोय आहे, हे भाचीने फादरांना दाखवले. दोन-तीन दिवस सराव झाला. मग एका दुपारी मी कार्यालयात नोंदवहीत लिहीत असताना वरच्या मजल्यावरून जुन्या तबकडीच्या खरखरीतून एक स्वर आला. ते बालगंधर्व होते. फादरांनी स्वतः नाव उच्चारले होते, फोनने ते देवनागरीत लिहिले होते आणि आम्ही दोन लिप्यांत केलेल्या नोंदीने ते शोधून दिले होते. तीन मिनिटांनी ती तबकडी संपली, दुसरी लागली, मग तिसरी. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते सांगू लागले: त्यांच्या वडिलांना नाटकाचा नाद होता, शेजाऱ्यांच्या ग्रामोफोनभोवती ते लहानपणी जमिनीवर बसत, सेमिनरीत गेल्यावर ते सारे मागे राहिले. ते आठ वर्षे आमच्यासोबत राहत आहेत. त्यांना ऑर्गन आवडतो हे साऱ्यांना ठाऊक होते आणि जो तो त्यांच्यासाठी ऑर्गनच लावी. नाट्यसंगीत कोणी लावले नाही, कारण त्यांनी मागितले नाही. आणि दुसऱ्याकडून मागताना माणूस आपली खरी आवड सहसा मागत नाही, देणाऱ्याला सोपे जाईल तेवढेच मागतो.

आता माझ्या फोनवरही तेच अ‍ॅप आहे. कधी मी बाख लावायला जातो तर यादीत फादरांची दहा पदे आधीच रांगेत उभी असतात. मी ती हलवीत नाही. माझे गाणे त्यांच्या मागे लावतो आणि कामाला लागतो.

वाचकहो, तुमच्या घरी असे यंत्र येईल किंवा आलेही असेल. त्याचे अ‍ॅप घरातला सर्वांत जाणता मुलगा निवडील, हे उघड आहे. त्याला एवढेच सांगा, की निवड झाल्यावर फोन आजीच्या हाती दे, खोलीबाहेर जा आणि दहा मिनिटांनी ये. आत गाणे चालू असेल, तर निवड चांगली झाली.